‘पुणे’चं ‘पण’ झालं त्या दिवशी

गावांच्या सूचीत ‘पण’ नावाचं एक गाव आलं होतं, आणि सगळ्यात जास्त लेख त्याच गावाचे होते. त्याच्याखाली ‘अकल’, ‘नशक’, ‘लतर’, ‘सतर’. संगणकापाशी बसलेली ती पोरगी आधी नुसतीच बघत राहिली. मग तिला ‘अकल’मध्ये अकोला दिसलं, ‘सतर’मध्ये सातारा दिसला, आणि ‘पण’ म्हणजे आपलं पुणेच आहे हे कळल्यावर तिच्या पोटात धस्स झालं. लेखकांच्या नावांचा रकाना उघडायचं धाडस तिनं चहा पिऊन झाल्यावर केलं. तिथं पाटील आणि पटेल एकाच ओळीत नांदत होते, कारण दोघांचंही ‘पटल’ झालं होतं. सावंतांचं ‘सवत’ झालं होतं.

काम तसं सरळ होतं. एका जुन्या मराठी मासिकाचे अंक संगणकात होते, पण ते धड शोधता येत नव्हते. ते शोधता येण्याजोगे करायचे, लेखकांची, विषयांची आणि गावांची सूची बांधायची, असं ठरलं होतं. ती पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिते, रोजचं काम बँकांच्या आकड्यांशी संबंधित. हे मराठीचं काम तिनं हौसेनं घेतलं होतं. सूचीसाठी मजकुरातली विरामचिन्हं काढून टाकायची होती: स्वल्पविराम, अवतरणं, कंस, उद्गारचिन्हं. अशी अनेक चिन्हं एका फटक्यात काढायची कृती तिला पाठ होती. बँकेच्या कामात ती शेकडो वेळा वापरलेली. ‘जे अक्षर नाही, अंक नाही आणि मोकळी जागाही नाही, ते सगळं काढ,’ असं एका ओळीत सांगायचं, की झालं.

तिथंच घात झाला. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकुरात नमुने शोधणाऱ्या साधनाला, ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे काय ते विचारलं, तर प, ण, क, ट ही त्याला अक्षरं वाटतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण ही अक्षरं वाटत नाहीत. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या सगळ्या लिप्यांच्या सामायिक तक्त्यात ही चिन्हं ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात आहेत, आणि पायथॉनच्या मूळ साधनाला त्या वर्गाशी देणंघेणं नाही. ‘कोल्हापूर’ हा शब्द वाचणाऱ्याच्या लेखी चार अक्षरांचा: को, ल्हा, पू, र. यंत्राच्या लेखी त्यात नऊ वेगवेगळे घटक आहेत, आणि त्यातले चार त्या एका ओळीनं विरामचिन्हांबरोबर झाडून नेले. उरलं ‘कलहपर’. प्रोग्रॅमनं कुठंही चूक झाल्याचा इशारा दिला नाही. त्याच्या दृष्टीनं सगळं व्यवस्थित पार पडलं होतं.

मासिकाच्या कचेरीत एक काका बसतात. खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली, मग डीटीपी शिकले, आता प्रुफं तपासतात. तिनं त्यांना पडद्यावरची यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती सावकाश वाचली.

“काय गं, सगळ्यांची हाडं ठेवलीस आणि मांस काढून घेतलंस?”

“काका, मी फक्त स्वल्पविराम काढायला सांगितलं होतं.”

“नाही. काय ठेवायचं ते तू सांगितलंस. काय काढायचं ते सांगितलंच नाहीस.”

काकांना पायथॉन येत नाही, पण त्यांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. ‘अमुक सोडून बाकी सगळं काढ’ हा हुकूम इंग्रजी मजकुराला बहुतेक वेळा चालून जातो, कारण तिथं सव्वीस अक्षरं मोजून दाखवता येतात. मराठीत ‘बाकी सगळं’ यात काय काय येतं हे हुकूम देणाऱ्याला आधी माहीत असावं लागतं. त्या संध्याकाळी तिनं ती ओळ पुसली आणि काढायच्या चिन्हांची यादी स्वतः, एकेक चिन्ह बघून लिहिली. पायथॉनमध्ये यासाठी ‘मेकट्रान्स’ आणि ‘ट्रान्सलेट’ अशी जोडगोळी आहे. पहिली तक्ता बांधते, दुसरी तो तक्ता मजकुरावरून फिरवते. तक्त्यात प्रत्येक चिन्हासमोर त्याच्या बदली काय यायचं ते लिहायचं. काहीच यायचं नसेल तर ते चिन्ह गळून पडतं.

यादी लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. काढणं आणि मोकळी जागा सोडणं यात फरक आहे. अवतरणचिन्ह गेलं तर चालतं. पण ज्या टंकलेखकानं ‘पुणे,मुंबई’ असं न थांबता लिहिलं आहे, त्याचा स्वल्पविराम नुसता काढला की ‘पुणेमुंबई’ नावाचं नवंच गाव वसतं. म्हणून स्वल्पविराम, तिरकी रेघ आणि जोडरेघ यांच्यासमोर तिनं एक मोकळी जागा लिहिली, आणि अवतरणं, कंस यांच्यासमोर काहीच नाही.

हे झालं नव्या अंकांचं. जुन्या अंकांची गोष्ट वेगळी होती, आणि खरा जीव तिथंच गुंतला.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला होता. पण छापखान्यांपर्यंत ते पोचायला बराच काळ गेला. तोवर काम चाललं ते अशा फाँटवर, ज्यांत संगणकाला वाटायचं की आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय, आणि पडद्यावर मात्र त्यांच्या जागी देवनागरी आकार उमटायचे. कृतिदेव हा त्यातला घरोघरी माहीत असलेला फाँट. या मासिकाच्या जुन्या फायलींतल्या बऱ्याचशा त्यातच होत्या. फाँट काढून घेतला की पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा दिसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा म्हणजे शेकडो चिन्हांची अदलाबदल करायची.

तिनं तक्ता मिळवला, काकांकडून तपासून घेतला, आणि एकापाठोपाठ एक ‘रिप्लेस’ लिहीत गेली. कुणीही असंच करेल. या चिन्हाच्या जागी हे घाल, मग त्या चिन्हाच्या जागी ते. पहिलं रूपांतरित पान आलं, आणि त्यातल्या प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ बसला होता. प्रत्येक वाक्य ‘ण्’ने संपत होतं. ‘तो घरी आलाण् आईए बाबा वाट पाहत होतेण्’ असं.

हे का होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. कृतिदेवमध्ये स्वल्पविराम चौकटी कंसाच्या कळीवर बसवलेला आहे, म्हणजे फाइलमध्ये जिथं ] असतो तिथं वाचणाऱ्याला स्वल्पविराम दिसतो. स्वल्पविरामाच्या स्वतःच्या जागी मात्र ‘ए’ आहे. तिच्या यादीत आधी लिहिलं होतं, ] चा , कर. पुढं लिहिलं होतं, , चा ए कर. दोन्ही ओळी आपापल्या परीनं बरोबर. पण दुसरी ओळ चालू झाली तेव्हा मजकुरात मूळचे स्वल्पविराम आणि पहिल्या ओळीनं नुकतेच घातलेले स्वल्पविराम शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यांना वेगळं ओळखायची काही सोय नव्हती. सगळ्यांचा ‘ए’ झाला. जोडरेघेचं तर त्याहून वाईट. कृतिदेवमध्ये जोडरेघ & या चिन्हात असते, पूर्णविराम - यात, आणि अर्धा ण . यात. ओळीनं बदलत गेलं की & ची जोडरेघ होते, तिचा पूर्णविराम होतो, आणि पूर्णविरामाचा ‘ण्’ होतो. तीन पायऱ्या खाली घसरून जोडरेघ अर्ध्या ण पाशी येऊन पडते.

ओळींचा क्रम उलटा केला तर? पहिल्यांदा तिनं तेच केलं. आधी . चा ण्, मग - चा ., मग & ची -. हे तीन सुटले. पण दोनशेहून जास्त ओळींचा असा क्रम डोक्यात धरून ठेवणं आणि पुढं कुणी एक ओळ मध्येच घातली तरी तो टिकवणं, हे माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. शिवाय दोन चिन्हं एकमेकांच्या जागा घेत असतील तर कोणताच क्रम बरोबर ठरत नाही. या चिन्हाचं ते केलं की मूळचं ‘ते’ कोणतं हे कायमचं हरवतं.

उपाय एकच, की मजकूर एकदाच, डावीकडून उजवीकडे वाचायचा, प्रत्येक ठिकाणी मूळ चिन्ह बघून निर्णय घ्यायचा, आणि लिहिलेल्याकडे परत वळून बघायचं नाही. ‘ट्रान्सलेट’ हेच करतं. म्हणून तिथं चौकटी कंसाचा स्वल्पविराम होतो आणि तो स्वल्पविरामच राहतो.

पण ‘ट्रान्सलेट’ची एक मर्यादा आहे. बदलायची गोष्ट एकाच चिन्हाची असावी लागते. कृतिदेव रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळफलकावर बेतलेला, आणि टंकयंत्रावर कळा मोजक्याच. त्यामुळं तिथं अर्धं अक्षर आणि त्याला जोडायचा उभा दंड, असं दोन कळांत एक अक्षर तयार होतं. इंग्रजी ‘के’च्या कळीवर तो दंड आहे. एकटा आला तर काना. अर्ध्या श नंतर आला तर त्याचा पूर्ण श. अर्ध्या ण नंतर आला तर पूर्ण ण. ‘नाशिक’मधला श आणि ‘पुणे’मधला ण असेच दोन-दोन तुकड्यांचे. सगळ्या ‘के’चा आधीच काना करून टाकला, तर श ऐवजी ‘श्’ आणि त्याला लोंबकळणारा काना उरतो.

म्हणजे लांब जोडी आधी बघायची, ती नसेल तरच एकट्या चिन्हाकडे वळायचं. तिनं तक्त्यातल्या सगळ्या नोंदी लांबीप्रमाणे लावल्या, मोठ्या आधी आणि छोट्या नंतर, आणि त्या सगळ्यांचं मिळून एकच रेग्युलर एक्स्प्रेशन केलं. इथं लांबी महत्त्वाची, कारण पायथॉन अनेक पर्यायांमधला सगळ्यात लांब निवडत नाही, डावीकडून जो पहिला जुळेल तो घेतो. जुळलेला तुकडा तक्त्यात बघायचा, त्याचं मराठी रूप लिहायचं, पुढं सरकायचं. एकच फेरी. हजारो शब्द एकाच वेळी शोधायचे असतील तर याची फार देखणी पद्धत आल्फ्रेड एहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ साली मांडली होती, आणि तिचं मूळ निमित्त ग्रंथसूचीतला शोध हे होतं. आपलं काम कुणाच्या पायवाटेवरून चाललंय हे कळल्यावर तिला बरं वाटलं.

आता स्वल्पविराम स्वल्पविरामासारखे दिसू लागले. तरी ‘हार्दिक’ जागेवर येईना.

जुन्या दिवाळी अंकांत जाहिराती असतात, आणि जाहिरातींत ‘हार्दिक शुभेच्छा’ असतात, पानोपानी. जुन्या फाइलीत या शब्दाचा क्रम असा: ह, काना, पहिली वेलांटी, द, रफार, क. डोळ्यांना जसं दिसतं तसं डावीकडून उजवीकडे. काकांना यात काहीच वावगं वाटलं नाही. खिळे जुळवताना वेलांटीचा खिळा आधीच लागायचा, ते म्हणाले. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम चालतो: ह, काना, र, पाय मोडल्याची खूण, द, वेलांटी, क. म्हणजे एकाच द साठी वेलांटीला उजवीकडे न्यायचं आणि रफाराला डावीकडे. ‘कार्यालय’मध्ये तर रफार य च्या कान्याच्याही नंतर टंकलेला असतो. त्याला काना आणि य दोघांना ओलांडून मागं यावं लागतं. आणि ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात वेलांटीनं अख्खं ‘स्थ’ ओलांडायचं. ती फक्त अर्धा स ओलांडून थांबली तर मध्येच अडकलेल्या वेलांटीचा ‘स्िथती’ असा तुटका शब्द तयार होतो. असे शब्द मराठी वाचणाऱ्यांनी वेबवर पुष्कळ पाहिले असतील.

इथं चिन्ह बदलायचं किंवा काढायचं नव्हतं, हलवायचं होतं. त्यासाठी तिनं दुसरी फेरी लिहिली. आधी वेलांटी तिच्या जोडाक्षरापलीकडे, मग रफार मात्रा ओलांडून त्याच्या अक्षराच्या अलीकडे. हे लिहायला तिला सगळ्यात जास्त दिवस लागले, आणि प्रत्येक दिवशी काकांनी तिला एक नवा शब्द दिला: मर्त्य, तीर्थरूप, निर्लज्ज, सर्वांचा. सर्वांचा! त्यात रफार, काना आणि अनुस्वार एकाच व वर.

पुढचा धडा अदृश्य चिन्हांचा. युनिकोडमध्ये शून्य रुंदीचा जोडक आणि शून्य रुंदीचा विलगक अशी दोन न दिसणारी चिन्हं आहेत. मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ती नको तिथं शिरतात आणि मग दिसायला अगदी सारखे असलेले दोन शब्द शोधात जुळत नाहीत. ही चिन्हं सरसकट काढा, असा सल्ला प्रोग्रॅमर एकमेकांना सर्रास देतात. तिनंही काढली. दुसऱ्या दिवशी काकांनी पाकक्रियेवरच्या एका लेखाचं प्रूफ तिच्यासमोर ठेवलं. ‘लग्नघरच्या आचार्यास’ कुणीतरी मीठ कमी घालायला सांगत होतं.

आचारी आणि आचार्य. स्वयंपाक्याला उद्देशून असेल तर ‘आचाऱ्यास’, गुरूला उद्देशून असेल तर ‘आचार्यास’. मराठीत हा फरक त्या एवढ्याशा अर्धचंद्राकृती र वर उभा आहे. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. तो र दोन प्रकारे टंकता येतो. एक, युनिकोडमध्ये त्यासाठी असलेला स्वतंत्र ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साधा र, पाय मोडल्याची खूण आणि त्यानंतर तो अदृश्य जोडक. हा लेख ज्यानं टंकला त्यानं दुसरी रीत वापरली होती. जोडक काढला, अर्धचंद्र गेला, रफार आला, आणि स्वयंपाक्याचा आचार्य झाला. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं एक न दिसणारं चिन्ह कमी झालं होतं, इतकंच.

तिनं क्रम बदलला. आधी जिथं र, पाय मोडल्याची खूण आणि जोडक असे तिघं एकत्र सापडतील, तिथं पाय मोडलेला ऱ घालायचा. तऱ्हा, ऱ्हास, कऱ्हाड, दुसऱ्या, वाऱ्यावर सगळे त्यात आले. मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. तिच्या मते ही अदलाबदल मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पहिल्या ओळीत असायला हवी, आणि हे मत ती भेटेल त्याला सांगते.

‘ॲ’चंही तसंच. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली जागा मिळाली. त्याआधीचे लोक अ वर चंद्र काढून काम भागवायचे, आणि आजही कित्येक कळफलकांवरून तसंच टंकलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखे. युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरीव प्रक्रिया या दोघांना एक मानत नाही, त्यामुळं ती चालवूनही ‘ॲड.’ शोधणाऱ्याला निम्मेच वकील सापडतात. हा बदल हातानंच तक्त्यात लिहावा लागतो.

एकदा तिच्या एका मित्रानं फ्रेंच शब्दांवरची चिन्हं उतरवायची कृती तिला पाठवली. अक्षराची फोड करायची आणि जागा न घेणारी चिन्हं टाकून द्यायची. तिनं ती न चालवताच ‘गुरुजी’ हा शब्द कागदावर मांडून बघितला. दोन्ही उकार गेले, दुसरी वेलांटी वेगळ्या वर्गात असल्यामुळं वाचली. राहिले ‘गरजी’. कागदावर आधी करून बघायची सवय तिला तोवर लागली होती.

अंक बदलणं मात्र सुखाचं गेलं. देवनागरी दहा अंक आणि समोर इंग्रजी दहा, एक ओळ, काम खलास. त्यातही गंमत अशी की पायथॉनला देवनागरीत लिहिलेला आकडा तसाच दिला तरी तो त्याची बेरीज करून देतो. जावास्क्रिप्टला ते जमत नाही. म्हणून वेबसाइटसाठी तो एक तक्ता लागलाच.

सगळ्यात शेवटी राहिली ती दोन ठिपक्यांची गोष्ट. जुन्या टंकलेखकांनी विसर्गाच्या जागी सरळ अपूर्णविराम टंकला आहे. ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘नि:संशय’, ‘अंत:करण’. दिसायला फरक नाही. पण विरामचिन्हं काढणाऱ्या तक्त्यात अपूर्णविराम होता, त्यामुळं दुःखाचं ‘दुख’ होत होतं आणि निःसंशयाचं ‘निसंशय’. सगळ्या अपूर्णविरामांचा विसर्ग करावा, तर ‘वेळ: सायंकाळी सहा’ यातल्या वेळेलाही विसर्ग लागतो. शब्दाच्या पोटात आलेले ठिपके तिनं बिनदिक्कत विसर्गात बदलले. अडचण शब्दाच्या शेवटी. ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘प्राय:’ इथं विसर्ग. ‘लेखक:’, ‘स्थळ:’, ‘किंमत:’ इथं विराम. ठिपक्यांकडे बघून यंत्राला हे सांगता येत नाही. शब्द माहीत असावा लागतो.

तिनं शेवटी दोन ठिपके असलेल्या सगळ्या शब्दांची यादी छापली आणि काकांच्या टेबलावर ठेवली. काकांनी पेन्सिलीला टोक केलं. विसर्गाचे शब्द असतील तिथं बरोबरची खूण, विरामाचे असतील तिथं फुली. ‘वस्तुत:’ बरोबर. ‘संपादक:’ फुली. ‘पुन:’ बरोबर. ‘अंशत:’ बरोबर. ‘मन:’ पाशी पेन्सिल थांबली.

“हे कुठून आलंय?”

“एका लेखाचं शीर्षक आहे. पुढं ‘एक शोध’ असं आहे.”

“आणि दुसरीकडे?”

“दुसरीकडे ‘मन: शांती’. मध्ये चुकून जागा पडलेली.”

“मग दोन्ही अंक काढ बरं.”

ती कपाटापाशी गेली आणि बांधीव खंड घेऊन आली. काकांनी पानं उलटली, शीर्षकावर भिंग धरलं. छापील अंकात ‘मन’ आणि ते दोन ठिपके यांच्यामध्ये बारीकशी फट होती. त्यांनी एका ‘मन:’वर फुली मारली, दुसऱ्यापुढं बरोबरची खूण करून समासात ‘मनःशांती, जोडून’ असं लिहिलं, आणि पेन्सिल पुढच्या ओळीवर नेली.